कडू नदीच्या पलीकडे

गुलाब वाहने सरांचं डोकं थोडं फिरलेलं आहे, यावर आमच्या सौंसरच्या शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. एरवी या शाळेत कोणाचं कशावर एकमत झालेलं मी पाहिलं नाही, चहात साखर किती घालावी यावरसुद्धा नाही. पण पाऊस ओसरला की वाहने सर सहावीच्या पोरांना चिकणमाती आणायला लावायचे. मग व्हरांडाभर चिखल, आणि त्या चिखलात बसून तळहाताएवढ्या मातीच्या वड्यांवर काडीनं रेघा ओढत पोरं बाबिलोनचा नकाशा काढायची. ते ना पुस्तकात होतं, ना परीक्षेत. मुख्याध्यापक म्हणायचे, "वाहने सर, पोरं पास करायची आहेत की कुंभार करायची आहेत?" सर हसायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा माती मागवायचे.

मी त्याच शाळेत मराठी शिकवते. स्टाफरूममध्ये सरांची खुर्ची माझ्या शेजारी, त्यामुळे माझी इच्छा नसतानाही जगातले जुने नकाशे मला पाठ झाले. बाबिलोनचा तो मातीचा नकाशा अडीच हजार वर्षांपूर्वीचा. त्यात जग गोल आहे आणि मधे बाबिलोन आहे, कारण काढणारा बाबिलोनचा. जगाभोवती पाण्याचं कडं आहे. त्या पाण्याचं नाव त्यानं कडू नदी असं लिहून ठेवलंय. त्या नदीपलीकडे काही त्रिकोण काढलेत, आणि एका त्रिकोणावर लिहिलंय की इथे सूर्य दिसत नाही.

"मॅडम, तिथं कोनी जाऊन पाह्यलं होतं काय?" सर विचारायचे. "नाई गेलं कोनी. पन न जाता लिहून मोकळे झाले, का तिथं अंधार हाये."

दुसरा किस्सा अलेक्झांड्रियाच्या एका पंडिताचा. त्याच्या हिशेबानं पुढे जे नकाशे निघाले त्यांत हिंदुस्थान चेपून सपाट झालेला आणि श्रीलंका हत्तीएवढी. का? तर व्यापारी जहाजं लंकेची बातमी घेऊन परतायची. ज्या बाजारातून माल येतो तो बाजार मोठा, बाकी मुलूख पोळीच्या काठासारखा उरलेला. आणि तिसरा नकाशा इजिप्तचा, लव्हाळ्याच्या पट्ट्या जोडून केलेल्या कागदावरचा. त्यात डोंगर आहेत, सोन्याच्या खाणी आहेत, वाटा आहेत, आणि चक्क कामगारांची घरंसुद्धा आहेत. मी म्हणाले, "वा! म्हणजे इजिप्तवाले बरे होते की." सर चष्मा पुसत म्हणाले, "बरे कायचे मॅडम. राजाले दगड आनाचे होते, सोनं आनाचं होतं. मजुरांचं घर नक्शात तवाच येते, जवा मजूर लागतात."

मला तेव्हा त्यांचं बोलणं जरा जास्तच तिखट वाटायचं. मिरचीचा ठेचा रोज ताटात असला तर माणूस गोड कसं बोलणार!

सर आणि मी एकाच गावचे. रामाकोन्याहून आत गेलं की आमचं गाव लागतं. माझं ते माहेर. पण आमची ओळख झाली ती सौंसरला, नोकरीत. कारण गावाच्या मधून नाला जातो. अलीकडे मारुतीचं देऊळ, पंचायत, आमची घरं, संत्र्याचे बगीचे. पलीकडे बौद्ध वस्ती, तिथं सर वाढले. नाला असा फार मोठा नाही, उन्हाळ्यात शेळ्यासुद्धा चालत पार होतात. एकमेकांची तोंडं ओळखायला मात्र आम्हाला सौंसरपर्यंत यावं लागलं.

वस्तीत सरांची मोठी बहीण राहते, यमुनाबाई. सर तिला नुसतं बाई म्हणतात. आई लहानपणीच गेली आणि बाईनं भावाला वाढवलं. दुसऱ्यांच्या बगीच्यात संत्री तोडली, निंदण केलं, आणि याला लोधीखेड्याला शाळेत घातलं. लग्न झालं, नवरा लवकर वारला, परत आली ती त्याच दारात. सरांनी सौंसरला घर बांधलं तेव्हा तिला न्यायला गेले होते. "तुह्या घरात माहं मन नाई लागत," एवढं बोलून तिनं विषय संपवला. आता तिचे गुडघे गेलेत. वस्तीतला हातपंप होळीपर्यंत कसाबसा लाल पाणी देतो. त्यानंतर नाल्याच्या रेतीत खड्डा खोदायचा, त्याला झिरा म्हणतात, आणि वाटीवाटीनं पाणी भरून चढण चढायची. सरांनी बोअर मारून पाहिला, नुसती धूळ निघाली. त्यामुळे सरांचं एकच मागणं उरलं होतं: बाईच्या दारात नळ यावा. मुलाला नोकरी नको, स्वतःला पुरस्कार नको. रिटायर व्हायच्या आत बाईच्या दारात तोटी दिसावी, म्हणायचे, मग मी सुटलो.

आणि त्या वर्षी गावात नळयोजना आली. सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. काटकसरी माणूस, पण आनंदात त्यानं पेढे पांढुर्ण्याहून मागवले.

योजनेसाठी एका संस्थेची पोरं गावात आली. त्यांची पद्धत चांगली होती, हे मी रागात असूनही कबूल करते. गावाचा नकाशा साहेबानं नाही, गावानंच काढायचा. देवळापुढच्या अंगणात रांगोळीनं रस्ते, विहिरी, नाला काढायचा आणि ज्यानं त्यानं आपल्या हातानं आपलं घर मांडायचं. तो नकाशा कागदावर उतरवून त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. मग तोच पंचायतीच्या भिंतीवर रंगवायचा आणि त्यावरून पाइप टाकायचा. दिवस कोणता ठरवला? दसरा. माझा चुलतभाऊ श्रीकांत म्हणाला, त्या दिवशी सोनं वाटायला सगळं गाव मारुतीपुढे जमतंच, वेगळी दवंडी कशाला. सरपंच खरं तर त्याची बायको, अलकावहिनी. पण वहिनींची सही आणि श्रीकांतदादाचं डोकं, असा कारभार आहे. संस्थेच्या पोरांनाही ते पटलं. घरं मांडायला रंगीत खडे आणले होते ते तसेच राहिले, लोकांनी हातातलं सोनं, म्हणजे आपट्याचं पान, आपापल्या घराच्या जागी ठेवलं. एवढी सुंदर कल्पना, की दादानं फोटो काढून आमच्या माहेरच्या ग्रुपवर टाकला.

सुट्टी संपल्यावर तो फोटो मी मोठ्या कौतुकानं सरांना दाखवला. म्हटलं, तुमच्या आवडीची गोष्ट आहे, पाहा आमच्या गावानं कसा नकाशा काढलाय. सरांनी मोबाइल हातात घेतला. सगळं होतं. लाल रांगोळीचा रस्ता, पिवळी पंचायत, हिरवी पानंच पानं, निळ्या रांगोळीचा नाला. सर बराच वेळ बोटानं फोटो मोठा करत राहिले.

"मॅडम, नाल्यापलीकडे काय हाये?"

मी वाकून पाहिलं. नाल्याच्या निळ्या रेघेपलीकडे देवळात जाताना लोकांनी काढून ठेवलेल्या चपला होत्या. ढीगभर चपला.

"तिथं माही बाई राह्यते," सर म्हणाले, आणि मोबाइल माझ्या हातात परत दिला.

कोणी मुद्दाम केलं नव्हतं. मुद्दाम केलं असतं तर भांडायला तरी सोपं गेलं असतं. दसऱ्याला वस्ती गावात नसतेच. दरवर्षी त्या दिवशी सगळी वस्ती नागपूरला दीक्षाभूमीवर जाते, पोरंबाळं, म्हातारीकोतारी, घरांना कुलपं लावून. हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. इकडे सोनं वाटतात, तिकडे गाड्या भरतात. एवढ्या वर्षांत या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी होतात हे कोणाच्या डोक्यात आलं नाही, कारण तशी गरजच पडली नव्हती. मी दादाला फोन लावला आणि ओरडलेच. "दादा, वस्ती विसरलास तू?"

"विसरलो नाई व जयू. सगळं गाव होतं ना तिथं! हे लोक नागपूरले गेले होते त माह्या काय कसूर? हजीर तो वजीर."

सगळं गाव होतं. हे वाक्य तो इतक्या निरागसपणे म्हणाला की फोन आपटावासा वाटला.

सरांनी आधी दाद मागितली ती जिल्ह्याला. पांढुर्णा आता जिल्हा आहे. आम्ही सौंसरवाले अजून त्यावर नाक मुरडतो, पण अर्ज करायला तिकडेच जावं लागतं. सर एसटी नाही म्हणून खाजगी बसनं गेले, एका दिवसाची रजा टाकून. ज्या ऑफिसात गेले तिथे भिंतीवर नव्या जिल्ह्याचा नवा कोरा नकाशा होता. सरांनी आधी तोच पाहिला, सवयच ती. मधे ठळक पांढुर्णा, तिगावचं स्टेशन, उजवीकडे सौंसर, मग मोहरीएवढं आमचं गाव. साहेबांनी अर्ज वाचला, संगणकात पाहिलं आणि इकडच्या सरकारी हिंदीत म्हणाले, "नक्शा तो गांव ने ही बनाया है ना? सबके साइन हैं. गांव से ही सुधार करवा के लाइए." जिल्हा नवा, खुर्च्या नव्या, उत्तर तेवढं जुनं. सर परत आले आणि मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या भावाकडे चला माह्यासंगं."

गेलो. दादानं सरांना खुर्ची दिली, संत्री सोलून दिली, वहिनींनी चहा केला. माझा हा भाऊ माणूस वाईट नाही, आणि हेच तर दुखणं आहे. वाईट माणसाला शिव्या देऊन घरी जाता येतं. सरांनी शांतपणे सगळं मांडलं, बाबिलोनपासून सुरुवात करून. कडू नदी, पलीकडचा अंधार, नकाशा काढणारा जिथे बसतो तिथून जग सुरू होतं, वगैरे. मला वाटलं दादा कंटाळेल, पण तो तोंड उघडं टाकून ऐकत होता.

"वा सर! काय मालूमात हाये तुम्हाले!" तो म्हणाला. "चुकलंच आमचं. सव्वीस जानेवारीले भिंतीवरचा नक्शा खुला करनार हावो, त्याच्यात तुमची वस्ती टाकतो. घरन् घर टाकतो. माहा शब्द."

"आन पाइप?" सरांनी विचारलं.

"आधी नक्शात त येऊ द्या," दादा म्हणाला. "नक्शात आलं का सगळं येते."

हे वाक्य ऐकून सर इतके हरखले, की मला तेव्हाच काहीतरी खटकायला हवं होतं. पण ते वाक्य सरांच्या आयुष्यभराच्या श्रद्धेचंच होतं ना! माणूस नकाशात आला की जगात आला, हेच तर ते पोरांना चिखलात बसवून शिकवत आले होते. परतताना ते नाल्याच्या काठावर थांबले, वस्तीकडे पाहिलं आणि लहान मुलासारखं हसून म्हणाले, "बाईच्या दारी तोटी कोन्या बाजूले बसवाची, डाव्या का उजव्या?"

सव्वीस जानेवारीला पंचायतीपुढे मंडप होता. सगळं गाव होतं, आणि या वेळी खरंच सगळं, कारण दादानं वस्तीत गाडी पाठवून माणसं आणवली. यमुनाबाई पांढरी साडी नेसून पुढच्या खुर्चीत बसली होती. झेंडावंदन झालं, भिंतीवरचा पडदा ओढला, टाळ्या पडल्या.

नकाशा देखणा होता, यात वाद नाही. पेंटरनं जीव ओतला होता. नाल्यापलीकडे वस्ती होती. घरन् घर होतं, बाईच्या दारातला कडुनिंबसुद्धा. वर सुबक अक्षरात नाव होतं: मजूर वस्ती. विहारावर मात्र नाव नव्हतं, नुसता पिवळा चौकोन. आणि मग मला निळी रेघ दिसली. नळाची पाइपलाइन टाकीपासून निघून गल्लोगल्ली फिरून देवळामागून नाल्याच्या काठापर्यंत आली होती आणि तिथे थांबली होती. नाला ओलांडून पलीकडे गेली होती ती दुसरी, लाल तुटक रेघ. खाली लिहिलं होतं, प्रस्तावित रस्ता.

मी दादाला बाजूला ओढलं. "पाइप कुठाय?"

"पाइपची लिस्ट दसऱ्याच्या नक्शावरच लॉक झाली व. ते काई माह्या हातात नाई. वरातीमागून घोडं झालं त्याले मी काय करू? पन रस्ता टाकला ना! आता संत्रा तोडाईच्या टायमाले गाडी डायरेक्ट वस्तीत जाईन. मजूर जमा कराले चक्कर नाई माराव लागनार. त्याईचाच फायदा हाये."

त्याला मनापासून वाटत होतं की त्यानं चांगलं केलंय. मी सरांकडे पाहिलं. ते भिंतीपासून हातभर अंतरावर उभे होते, चष्मा डोक्यावर चढवून, आणि लाल रेघेवर बोट फिरवत होते. मी जवळ गेले तशी हळूच म्हणाले, "मॅडम, इजिप्तचा नक्शा आठवते तुम्हाले?"

मला आठवत होता. ते तिखट बोलणंही आठवत होतं. त्या क्षणी मला माझ्या भावाचा, त्या पेंटरचा, टाळ्यांचा, सगळ्याचा इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पण तेवढ्यात माइकवर सरांचं नाव पुकारलं. प्राचीन नकाशांचे अभ्यासक, गावाचे सुपुत्र, म्हणून त्यांचा सत्कार होता. शाल आली, श्रीफळ आलं. सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. वर्गात तासन्तास बोलणारा माणूस माइकपुढे उभा राहिला, नारळाची शेंडी दोनदा नीट केली, आणि एक शब्द न बोलता खाली उतरला. लोकांना वाटलं, भारावले. पुन्हा टाळ्या.

दादानं मग यमुनाबाईला हाताला धरून भिंतीपाशी आणलं. फोटोवाला तयार होता. दादानं तिचं बोट उचलून कडुनिंबाच्या झाडाजवळ टेकवलं. "पाह्य यमुनाबाई, हे तुहं घर. आलं का नाई?"

बाईनं बोट काढून घेतलं. मोठ्यानं नाही, पण पुढच्या रांगेला ऐकू जाईल इतक्या स्वच्छ आवाजात म्हणाली, "माहं घर कुठी हाये ते मले मालूम हाये, बावा. मी रोज तिथंच जातो. पानी कुठी हाये ते दाखव."

फोटो निघाला. त्यात दादा हसतोय आणि बाई भिंतीकडे नाही, कॅमेऱ्याकडे पाहतेय. तो फोटो पंचायतीत लावलाय.

त्यानंतर शाळेत सरांनी बाबिलोनचं नाव काढलं नाही. भूगोल शिकवला तो पुस्तकातला, परीक्षेपुरता. निकाल चांगला लागला आणि मुख्याध्यापक खूश झाले. वार्षिक परीक्षेनंतर सर रिटायर झाले. निरोपसमारंभात त्यांच्या शिस्तीची तारीफ झाली. मला भाषण करायला सांगितलं होतं, मी तब्येतीचं कारण सांगून बसून राहिले, कारण बोलले असते तर भलतंच बोलले असते. शाळेला कपाट रिकामं हवं होतं, म्हणून पोरांच्या हातच्या मातीच्या वड्या सरांनी पोत्यात भरल्या.

मे महिन्यात मी माहेरी गेले तेव्हा मुद्दाम नाला ओलांडून वस्तीत गेले. लाल रेघेचा रस्ता झाला होता, चांगला सिमेंटचा, उन्हात डोळे दिपतील असा. निळी रेघ काठावरच होती. तिथल्या शेवटच्या घराच्या नळाची तोटी गळत होती आणि खाली डुकरं लोळत होती. सर बाईच्या दारात, कडुनिंबाखाली बसले होते. पोतं शेजारी. बाई फुटलेली चूल पाहत होती.

"हे काय आनलं रे पोतंभर?" तिनं विचारलं.

"माती हाय बाई. पोराईनं काढलेले नक्शे."

तिनं एक वडी उचलली, उलटीपालटी केली. गोल कडं, मधे चौकोन, काठावर त्रिकोण. कुठल्यातरी सहावीतल्या पोरीनं जीव लावून काढला असावा, कडं अगदी सारखं आलं होतं. बाईनं बोटानं थोडी कोर मोडून चुरून पाहिली. "माती चांगली हाये. चुल्हा लिपाले होईन."

मी सरांकडे पाहिलं. म्हटलं, आता तरी काही म्हणतील.

"लीप," सर म्हणाले.

"भिजवाले पानी?"

सर उठले. घरातून पाणी भरायचा स्टीलचा गुंड घेतला, खांद्यावर टाकला आणि झिऱ्याकडे उतरले. बऱ्याच वेळानं ते घामाघूम होऊन परत आले, गुंड अर्धाच भरलेला. बाईनं वड्या घमेल्यात टाकून त्यावर पाणी ओतलं. कडू नदी, बाबिलोन, पलीकडचे त्रिकोण, सगळं हळूहळू विरघळत गेलं आणि तिनं ते मुठींनी मळलं.

पाणी कमी पडलं. सरांनी पुन्हा गुंड उचलला.